कारवानी पिल्लू राखणीला नेले की बिघडते : लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची वेळ

लातूर, धाराशिव आणि सोलापूर या पट्ट्यात मळ्याच्या राखणीसाठी कारवानी किंवा पश्मी जातीच्या कुत्र्याचे पिल्लू पाळणारी मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते. पिल्लू सात-आठ महिन्यांपर्यंत उत्तम वाढत होते, बांधावरून उड्या मारीत पळत होते, म्हणून त्याला रात्री मळ्यावर ठेवायला सुरुवात केली आणि महिन्या-दीड महिन्यात ते बिघडले. अशी पिल्ले सावरून परत देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यांपैकी फार थोड्यांत जातीचा किंवा रक्ताचा दोष असतो. बाकीची सगळी वेळेआधी कामाला लावलेली असतात.

लक्षणे

‘बिघडले’ हा शब्द मालक सरसकट वापरतो, पण त्यामागे निरनिराळ्या गोष्टी असतात आणि उपाय त्या ओळखल्यावरच सापडतो. सर्वांत जास्त दिसणारे लक्षण म्हणजे सकाळचे लंगडणे. पिल्लू उठते तेव्हा एक पाय उचलून चार पावले टाकते, थोडे फिरले की मोकळे होते, आणि संध्याकाळच्या धावपळीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. दुसरे लक्षण असे की पूर्वी पुढे पळणारे पिल्लू आता मध्येच बसते, मालकाच्या मागे राहते आणि लवकर धापा टाकू लागते.

तिसऱ्या प्रकारात पिल्लू धडधाकट असते, पण सोडले की परत येत नाही; ते दोन-तीन तासांनी शेजारच्या वस्तीवर सापडते. चौथ्या प्रकारात ते मोटारीचा स्टार्टर वाजला किंवा लांब कुठे फटाका फुटला की बाजेखाली शिरते आणि रात्री मळ्याकडे यायलाच तयार होत नाही. पाचवा प्रकार मालकाला सर्वांत जास्त खटकतो, कारण राखणीसाठी आणलेला कुत्रा शेजाऱ्याच्या करडांमागे लागतो किंवा खुराड्यातील कोंबडी मारतो. पहिली दोन लक्षणे असतील तर अंगाच्या तपासण्या नीट कराव्यात. पुढची तीन असतील तर सवयीच्या तपासण्यांवर भर द्यावा. मात्र सुरुवात सर्वांनी पहिल्या तपासणीपासूनच करावी, कारण अंग दुखत असलेले पिल्लूही हाकेला येत नाही आणि आवाजाला बुजते.

ही चूक इतक्यांदा होण्याचे कारण या जातीच्या बांध्यात आहे. कारवानी हा नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड तो हाच, आणि पश्मी हा त्याचाच कान, पाय व शेपटीवर लांब केस असलेला प्रकार. हा कुत्रा आठ-नऊ महिन्यांत जवळजवळ पूर्ण उंचीचा दिसतो आणि त्याचा वेग तर सहाव्या महिन्यातच डोळ्यांत भरतो. पाहणाऱ्याला वाटते की आता काय राहिले? त्या वेळी त्याची हाडे कोवळी असतात, छाती भरलेली नसते आणि मन लेकराचेच असते. पिल्लू कामाला तयार आहे का, हे मी त्याच्या धावण्यावरून कधीच ठरवत नाही. धावता धावता हाक मारली असता ते वळते का, यावरून ठरवतो.

काम म्हणजे नेमके काय, हेही आधी स्पष्ट व्हायला हवे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्याला मारणे एवढीच शिकार ठरत नाही. त्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे आणि तसा प्रयत्न करणेही शिकारीच्या व्याख्येत येते. त्यामुळे ससा, काळवीट किंवा रानडुक्कर यांच्यामागे कुत्रा सोडण्याचा विचारही करू नये. आज या कुत्र्याने करण्यासारखे काम म्हणजे मळ्याच्या हद्दीत जागे राहणे, परक्या चाहुलीला उभे राहून सूचना देणे आणि बांध न ओलांडणे. त्याच्या रक्तात पाठलाग आहे आणि आपल्याला त्याच्याकडून हद्द पाळून हवी आहे, त्यामुळे पूर्वीच्या शिकारी कुत्र्यापेक्षा आजच्या राखणीच्या कुत्र्याला जास्त उशिरा कामावर काढावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तपासणी : वय

या तपासणीला काहीच खर्च नाही, तरीही निम्म्या तक्रारी येथेच सुटतात. ‘वर्षाचा झाला असेल’ असे सांगून आणलेले पिल्लू हिशेब केल्यावर नऊ महिन्यांचे निघते. जन्मतारीख माहीत नसेल तर दात पाहावेत. दुधाचे दात २८ असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास पुढचे दात पडू लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ दात पूर्ण होतात. दात पूर्ण नसतील तर पिल्लू सात महिन्यांच्या आतले आहे, असे समजावे. उलट, दात पूर्ण असले म्हणजे ते मोठे झाले असे मुळीच नाही, कारण त्यानंतर दातांवरून महिने मोजता येत नाहीत.

मी पाळतो तो हिशेब असा आहे. बारा महिन्यांपूर्वी लांब पल्ल्याची धाव नाही, चौदा-पंधरा महिन्यांपूर्वी मळ्यावर रात्र नाही, आणि अठरा महिन्यांपूर्वी एकट्यावर जबाबदारी नाही. कुत्री पहिल्यांदा माजावर आली असेल तर तो काळ आणि पुढचे काही आठवडे वेगळे सोडावेत.

दुसरी तपासणी : हिरड्या, गोचीड आणि पंजे

पिल्लाला उजेडात बसवून वरचा ओठ उचलावा. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकट असेल तर अंगात रक्त कमी आहे, आणि आपल्याकडे त्यामागे बहुधा गोचीड किंवा जंत असतात. गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी पाहावेत. गोचिडांतून होणाऱ्या तापात पिल्लू मंदावते, कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडते, लघवी गडद होते किंवा नाकातून रक्त येते. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, डॉक्टरांकडे जावे. पहिले सहा महिने दर महिन्याला आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी जंताचे औषध दिलेले असावे. रेबीजची लस आणि तिचा वर्षानंतरचा डोस झाल्याशिवाय कोणतेही पिल्लू रात्री मळ्यावर नेऊ नये, कारण तेथे त्याची गाठ कोल्ह्याशी किंवा भटक्या कुत्र्याशी पडू शकते.

पंजे मात्र प्रत्येक बोट उघडून पाहावेत. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे दहा महिन्यांचे बदामी पिल्लू आले होते. ते तीन आठवडे लंगडत होते, मालकाने खांद्याला तेल चोळून चोळून केस चिकट केले होते, आणि सगळ्यांनी मुरगळले असेच गृहीत धरले होते. मी पुढचा डावा पंजा पाण्याने धुतला, तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये मुगाएवढी लाल गाठ दिसली आणि तिच्या टोकाला ओलसर भोक होते. त्या भोकातून चिमट्याने कुसळ ओढले. ते अखंड बाहेर आले, सुमारे बोटाच्या पेराएवढे लांब. कुसळाचे दाते एकाच दिशेने असतात, त्यामुळे ते प्रत्येक पावलागणिक आत सरकते आणि आपोआप बाहेर येत नाही. गवत वाळण्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी पंजे, कान आणि डोळ्यांच्या कडा पाहण्याची सवय ठेवली तर यातले बरेच टळते. कुसळाचे टोक दिसत नसेल तर गाठ कोरू नये.

तिसरी तपासणी : पोटात काय जाते

कारवानी अंगाने सडपातळच असतो; शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे आणि कंबरेची हाडे जाणवणे ही उपासमारीची खूण नाही. सगळ्या बरगड्या उघड्या पडल्या असतील, मांडीवर मांस नसेल आणि अंगावरचे केस राठ झाले असतील, तर मात्र आहार पाहावा. नुसती भाकरी आणि ताक किंवा दूध यांवर वाढलेल्या पिल्लाला प्रथिने पुरत नाहीत. याच्या उलट, नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते आणि हाडे ठिसूळ होतात. भाकरीसोबत अंडी आणि शिजवलेले मांस द्यावे, शिजवलेली हाडे देऊ नयेत कारण त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात, आणि कांदा घातलेले कालवण त्याच्या पुढ्यात ठेवू नये. पाय वाकडे दिसले म्हणून कॅल्शियमचे औषध मनाने पाजणे हा उपाय नव्हे. वाढत्या पिल्लाला जास्तीचे कॅल्शियमही बाधते.

चौथी तपासणी : पुढचे पाय

पिल्लाला सपाट जमिनीवर उभे करून समोरून पाहावे. दोन्ही पुढचे पाय खांद्यापासून पंजापर्यंत सरळ उतरायला हवेत. मनगटाच्या थोडे वर हाताला गोल फुगवटा लागतो. वाढीच्या वयात तो असणारच. लांब हाडांच्या टोकाशी कोवळ्या कूर्चेचा थर असतो आणि हाड त्या थरातून वाढते. मध्यम-मोठ्या बांध्याच्या कुत्र्यात हे थर साधारण वर्षाच्या सुमारास, काही ठिकाणी त्याहून थोडे उशिरा, पक्के होतात. तोपर्यंत ती जागा आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि स्नायूंच्या शिरांपेक्षाही कमकुवत असते.

पुढच्या पायात दोन हाडे शेजारी शेजारी असतात. त्यांपैकी मागच्या हाडाच्या मनगटाकडील थराला मार बसला तर त्या हाडाची वाढ थांबते, शेजारचे हाड मात्र वाढत राहते, आणि पाय धनुष्यासारखा वाकून पंजा बाहेर वळतो. एकदा असे झाले की मालिश आणि पट्ट्या यांनी तो सरळ होत नाही. मोटारसायकलमागे पळवण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती मला म्हणूनच अतिशय त्रासदायक वाटते. डांबरी रस्ता कठीण असतो, वेग गाडी ठरवते आणि पिल्लाला थांबण्याची मुभाच नसते. मीही सुरुवातीच्या काळात एक पिल्लू असेच पळवले होते. त्याचा उजवा पाय कायमचा वाकला, आणि त्यानंतर आजपर्यंत कोणत्याही कुत्र्याला मी गाडीला बांधलेले नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लाला मातीवर, त्याच्या मर्जीने, हवे तेव्हा बसू देत खेळू द्यावे. तेवढा व्यायाम त्याला पुरतो.

पाय सरळ आहेत पण लंगडणे एका पायातून दुसऱ्या पायात जाते, आणि लांब हाड दाबले की पिल्लू कळवळते, असे असेल तर तो वाढीच्या वयातील हाडाचा दाह असू शकतो. तो बहुधा विश्रांतीने ओसरतो, मात्र निदान डॉक्टरांनीच करावे. घरातील डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल यांपैकी एकही गोळी कुत्र्याला देऊ नये.

पाचवी तपासणी : हाक

येथून पुढे खर्च पैशाचा नसून वेळेचा आहे, आणि लोक नेमके हेच टाळतात. बैलाचा जुना कासरा किंवा तीसेक फुटांची हलकी दोरी पट्ट्याला बांधावी आणि पिल्लाला मोकळ्या रानात सोडावे. बोलावण्याचा शब्द एकच ठरवावा आणि तो रागावताना वापरू नये. एक आठवडा रोज तीन-चार वेळा, निरनिराळ्या अंतरावरून हाक मारावी आणि प्रत्येक वेळी ते आले की नाही, हे वहीत लिहावे. वीस हाकांपैकी अठरा वेळा ते सरळ पायाशी आले पाहिजे.

न येणाऱ्या पिल्लाचे कारण त्याच्या उभे राहण्यातच दिसते. ते वीस फुटांवर येऊन थांबते, कान मागे पाडते, शेपटी खाली घेते आणि मालकाच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहत राहते. त्या हाताने कधीतरी, उशिरा आल्याबद्दल, मार दिलेला असतो. पिल्लाच्या हिशेबी तो मार पळाल्याबद्दल नसून परत आल्याबद्दल असतो, आणि म्हणून पुढच्या वेळी ते आणखी लांब थांबते. यावरचा उपाय सोपा आहे, पण मालकाला जड जातो : कितीही उशीर झाला तरी परत आलेल्या पिल्लाला खाऊ द्यावा, गोंजारावे आणि पुन्हा मोकळे सोडावे, म्हणजे हाक म्हणजे बांधून ठेवणे असा अर्थ त्याच्या मनात बसत नाही. तीन-चार आठवडे असे केल्यावर बहुतेक पिल्ले सुधारतात.

शेवटची परीक्षा धावतानाची आहे. दुसऱ्या माणसाने लांब दोरीला चिंधी बांधून ती झपाट्याने ओढत न्यावी. पिल्लू तिच्यामागे लागले की मध्यावर हाक मारावी. येथे वळणारे पिल्लू पट्टा काढून मळ्यावर नेण्याजोगे आहे. स्पष्ट सांगायचे तर या जातीतील बरेच कुत्रे पूर्ण वाढ झाल्यावरही ऐन पाठलागात वळत नाहीत. त्यात त्यांचा अपराध काही नाही. अशा कुत्र्याला कुंपणाच्या आत किंवा आपल्या हातातील लांब दोरीवर ठेवावे. तो राखण चांगली करतो.

सहावी तपासणी : आवाज आणि जनावरे

पिल्लू जेवत असताना दुसऱ्या कोणी शंभर पावलांवर थाळी वाजवावी. ते मान वर करून पुन्हा जेवू लागले तर दुसऱ्या दिवशी दहा पावले जवळ यावे. जेवण सोडले तर मागे जावे. ‘सवय होईल’ म्हणून दिवाळीत अंगणात बांधून ठेवलेले पिल्लू आयुष्यभर बुजते. बुजलेल्या पिल्लाला ओढत मळ्यावर नेल्याने भीती मळ्याशी जोडली जाते, म्हणून ही पायरी पूर्ण होईपर्यंत रात्रीचे काम बंद ठेवावे.

शेळ्या-करडांची ओळखही दोरीवरच करून द्यावी. करडू अचानक उधळले की या कुत्र्याच्या डोळ्यांत पाठलाग जागा होतो, त्यामुळे उभ्या शेळ्यांजवळ शांत बसणे एवढ्यावर समाधान मानू नये. शेळ्या पळत असताना त्याने बसून राहायला हवे. पाठलागाची चटक एकदा लागली आणि कोंबडी तोंडात आली, तर ती सवय मोडायला पुढे कैक महिने जातात.

सातवी तपासणी : पहिली रात्र

वरचे सगळे पार पडल्यावर, शक्य असल्यास एखाद्या वयस्क आणि शांत कुत्र्याबरोबर, पिल्लाला तास-दीड तास मळ्यावर न्यावे आणि स्वतः सोबत थांबावे. आठवड्यातून दोन रात्री पुरेशा आहेत. सुरुवात थंडीत, शाळू उभा असताना करावी; चैत्र-वैशाखात करू नये. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेवढे पुरत नाही. दुसऱ्या सकाळी ते नेहमीसारखे जेवले, न लंगडता चालले आणि संध्याकाळी आपणहून मळ्याच्या वाटेला लागले, तर वेळ हळूहळू वाढवावी. यांपैकी एकही गोष्ट चुकली तर मागच्या पायरीवर जावे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तरुण कुत्रा रात्री उघड्यावर बांधून ठेवू नये, कारण बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. तेथे बंदिस्त निवारा हवाच. बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

येथे थांबावे आणि डॉक्टरांना बोलवावे

पाच-सात दिवसांच्या पूर्ण विश्रांतीनंतरही लंगडणे कायम असेल, पायावर भार टाकताच येत नसेल, किंवा पाय दिवसेंदिवस वाकत असेल, तर घरगुती उपाय बंद करून क्ष-किरण काढावा. कूर्चेचे थर पक्के झाले की नाहीत, हेही त्यातच दिसते. हिरड्या फिकट, ताप आणि मंदपणा एकत्र असतील तर रक्त तपासून घ्यावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. धावल्यावर ते ४१ च्या आसपास गेले, पिल्लू लडखडू लागले किंवा जीभ गडद लाल झाली, तर त्याला सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्याकडे निघावे. सर्पदंश, रानडुकराच्या सुळ्याची खोल जखम आणि अनोळखी जनावराचा चावा यांत घरी एक मिनिटही घालवू नये. चावणाऱ्या जनावराची लाळ किंवा ओरखडा माणसाला लागला असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसानेही लगेच दवाखाना गाठावा.

दवाखान्यात भूल देण्याची वेळ आली, तर कुत्रा कारवानी आहे हे आधी सांगावे. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते आणि भुलेच्या काही औषधांचा, विशेषतः थायोपेंटलचा, अंमल त्यांच्यावर जास्त वेळ राहतो. डॉक्टर त्याप्रमाणे औषध निवडू शकतात. उपचार संपून पिल्लू घरी आले की सरळ मळ्यावर नेऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती पूर्ण झाल्यावर कासरा पुन्हा काढावा, हाकेची वही उघडावी आणि पाचव्या तपासणीपासून नव्याने सुरुवात करावी.